रिकामी की भरलेली

त्या साली आमच्या स्किनावलीत राकीच्या, म्हणजे द्राक्षांच्या दारूच्या, भट्टीची फ्रागियादाकी घराण्याची पाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आली. घराण्याकडे परवाना आजोबांपासून होता, आणि भट्टीपाशी उभं राहायचं ते मिरोनासनंच, यात कुणाला कधी शंका आली नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांचा मिरोनास सकाळी सातलाच बाह्या दुमडून तांब्याच्या हंड्यापाशी उभा होता. त्याच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून, त्याची बायको गलातिया.

येणारेजाणारे हसत होते. पन्नास वर्षं झाली लग्नाला, आता कुठे गलातियाला नवरा आवडायला लागलाय, असं कुणीतरी म्हणालं. गलातियाही हसली. हसता हसता, ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, "आता चोथा."

मिरोनासनं पिळलेल्या द्राक्षांचा आंबलेला चोथा हंड्यात ओतला.

"आता झाकण."

त्यानं झाकण बसवलं.

"आता कणीक."

त्यानं कणकेचा गोळा हातात घेतला आणि झाकणाच्या कडेनं तो लिंपायला सुरुवात केली. एकदा सुरुवात झाली की बघत राहावं असं काम होतं ते. अंगठा किती दाबायचा, कुठे ओला हात फिरवायचा, सगळं जिथल्या तिथे. दोन वर्षांत गलातियाला एवढं कळलं होतं की हातांना सगळं आठवतं. सुरुवात तेवढी कुणीतरी सांगावी लागते. मग तिनं ते काम अंगावर घेतलं. सकाळी शर्टाची बटणं, दुपारी द्राक्षबागेची वाट, संध्याकाळी कॉफीच्या दुकानात समोर बसलेल्या माणसाचं नाव. बाईमाणसानं कॉफीच्या दुकानात जाऊन बसायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून ती खिडकीशी उभी राहून आत हाक मारायची, "मिरोनास, स्पिरोसला म्हणावं बायकोला बरं वाटलं का?" आणि मिरोनास वळून म्हणायचा, "स्पिरोस, बायकोला बरं वाटलं का?" लोकांना वाटायचं, बाई चौकस आहे.

आज मात्र तिला धाकधूक होती. मुलगी एरोफिली दहापर्यंत इराक्लिओ शहराहून येणार होती. एरोफिली रसायनशास्त्रज्ञ. बावीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत ती एकाच कामाला जुंपलेली होती, आणि ते काम होतं मेंदूतल्या मरत चाललेल्या पेशी वाचवायचं. सगळ्या जगात ज्या एका माणसापासून हे लपवणं सगळ्यात अवघड, ते गलातियाच्या पोटचंच होतं.

पावणेदहाला अंगणातून आर्गिरोनं हाक मारली. आर्गिरो म्हणजे मिरोनासची थोरली बहीण, एकोणऐंशी वर्षांची, पंचवीस वर्षं वैधव्याच्या काळ्या कपड्यात. ती खुर्चीवर बसून राखेत भाजत घातलेल्या बटाट्यांवर हुकमत गाजवत होती, आणि तिच्या मते गलातियानं बटाटे फार खोल पुरले होते. एकदा हाक, दोनदा हाक, तिसऱ्यांदा सगळ्यांचं लक्ष जायला लागलं. गलातियानं नवऱ्याकडे पाहिलं. कणीक लिंपून झाली होती. "आता जाळ," ती म्हणाली आणि बटाट्यांकडे गेली.

पाण्याचं सांगायचं राहिलं.

झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या पिंपातून जाते. पिंपात पाणी खेळत असलं तर वाफेची राकी होऊन पलीकडे धार लागते. पाणीच सोडलं नाही तर वाफ तशीच बाहेर पडते, आणि ती पेट घेणारी वाफ असते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

एरोफिली गाडी लावून भट्टीच्या खोलीत शिरली तेव्हा आत दहाबारा माणसं होती, डाळिंबं सोलत, ऑलिव्ह चघळत. बाबा जाळासमोर उभा होता. तिला आधी वास आला, गोडसर, नाकात चढणारा. मग तिच्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज येत नाहीये. तिनं काही विचारलं नाही. लोखंडी दांडा घेऊन तिनं पेटलेली लाकडं बाहेर ओढली, ओलं पोतं त्यांच्यावर टाकलं आणि धाकट्या भावाला, तितोसला, एवढंच म्हणाली, "सगळ्यांना बाहेर घे." तितोसनं दोन्ही दारं उघडली आणि माणसांना बाहेर काढलं. पोत्याखाली लाकडं फुसफुसत विझली. कुणाला काही झालं नाही. कुणाच्या तरी हातातलं डाळिंब तेवढं राखेत पडलं.

बाहेर उन्हात सगळे उभे राहिले. मिरोनास शेवटी आला, दोन्ही हात खिशात घालून.

"मी नळ सोडला होता," तो म्हणाला.

गलातिया बटाट्याच्या राखेनं माखलेले हात घेऊन पायरीशी उभी होती. ती म्हणाली की नळ जुना आहे, आपोआप बंद होतो, कितीदा सांगितलं बदला म्हणून. दोघातिघांनी लगेच मान डोलावली. एरोफिलीनं आईकडे पाहिलं. नवा नळ मागच्या उन्हाळ्यात एरोफिलीनंच आणून बसवला होता.

शेजारीपाजारी काहीबाही कारणं सांगून पांगले. तितोसनं भट्टी पुन्हा लावली. मिरोनासला त्यानं खुर्ची दिली, आणि मिरोनास मुकाट्यानं बसला. बसला हेच तितोसला सहन झालं नाही. बाबानं त्याला दांड्यानं हाकललं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर चाललं असतं.

धार लागल्यावर तितोस बहिणीला घेऊन मागच्या तुतीपाशी गेला. तो इराक्लिओ-स्किनावलीची बस चालवायचा, बोलणं त्याचं कमीच.

"मला वर्षभरापासून माहीत आहे," तो म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात बाबा शहरातून त्याच्याच बसनं परत येत होता. नेहमीसारखा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. अर्ध्या वाटेत पुढे वाकून त्यानं तितोसच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, भाऊ, स्किनावली आली की मला सांगशील का?

"तू काय म्हणालास?"

"सांगतो म्हणालो." तितोस तुतीच्या सालीवर नख ओढत होता. "आली तेव्हा सांगितलं. सगळे उतरल्यावर हाताला धरून घरी आणलं. दारात आल्यावर तो मला नावानं म्हणाला, तितोस, जेवून जा."

तितोसला जे म्हणायचं होतं ते तो वर्षभर घोकत असावा. तुझ्या त्या प्रयोगशाळेत ते औषध तयार आहे, तो म्हणाला. तूच सांगतेस उंदरांच्या पेशी जगल्या म्हणून. एक बाटली आण. कुणाला कळणार नाही, आणि कळलं तर मी चोरली म्हण.

तिनं नाही म्हटलं. कारण सांगताना ती नेहमीसारखी हळू बोलत होती. आज जे औषध आहे ते त्यांचं एकेचाळिसावं. चाळिसाव्यानंही पेशी वाचल्या होत्या, अगदी सुंदर वाचल्या होत्या, पण ते घेतलेले उंदीर पाय जमिनीवर टेकवेनासे झाले, कारण जी हाक ऐकून पेशी जगतात तीच हाक ऐकून वेदनाही जागी होते. ते कळायला चार वर्षं लागली. एकेचाळिसाव्यात तसं होत नाही. निरोगी माणसांना थोडे दिवस देऊन झालं, त्यांना काही झालं नाही. पण आजारी, म्हाताऱ्या माणसात दीड वर्षात काय होतं हे कुणालाच माहीत नाही. ते बघण्यासाठी तर येत्या जानेवारीत शहरातल्या इस्पितळात चाचणी सुरू होणार होती.

"मग बाबाला त्यात घाल."

"बाबाचं स्मरण जानेवारीत तपासलं होतं ना? मी पाठवलं होतं त्याला. तीसपैकी अठ्ठावीस आले होते. कागद मी पाहिलाय. एका वर्षात अठ्ठावीसवरून इथपर्यंत कुणी येत नाही, तितोस."

तितोसनं घराकडे बोट केलं. "आईला विचार," तो म्हणाला.

जेवणाला मग पाचच जण उरले. आर्गिरोआत्या, मिरोनास, गलातिया आणि दोन्ही मुलं. टेबलावर डुकराचं भाजलेलं मांस होतं, राखेतले बटाटे, जवाच्या कडक पावावर टोमॅटो, आणि सकाळची राकी. एरोफिलीनं ताटातलं काही न खाता आईला विचारलं की जानेवारीत काय झालं होतं.

गलातियानं हातातल्या बटाट्याची साल काढून संपवली. मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना कुणाकडे बघितलं नाही. एरोफिली एकदा घरी आली असताना कागदांची एक फाईल विसरून गेली होती. त्यात ती प्रश्नांची यादी होती, स्मरण तपासायची. आज वार कोणता, ऋतू कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. गलातियानं ती उतरवून घेतली. रोज सकाळी कॉफीबरोबर, चाळीस दिवस, तिनं नवऱ्याकडून ती घोकून घेतली. तीन शब्दही तेच निघाले, लिंबू, किल्ली, जहाज. डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत ती त्याचा हात धरून बोटांवर सात-सात मोजत होती.

"पण का?" एरोफिली म्हणाली. "आई, मी बावीस वर्षं दुसरं काही केलं नाही. सगळं सोडून माझ्यापासून लपवलंस?"

"तुझ्यापासूनच."

"का?"

"तू त्याच्याकडे तशी बघशील म्हणून."

"तशी म्हणजे कशी?"

"आत्ता बघतेस तशी," गलातिया म्हणाली.

एरोफिलीनं मान खाली घातली. आई खोटं बोलत नव्हती. सकाळपासून ती बाबाच्या चालण्यात, बोलण्यात, डोळ्यांच्या हालचालीत खुणा शोधत होती. उठून त्याला जवळ घ्यावं हे अजून तिला सुचलं नव्हतं.

तितोस आईवर चिडला होता. वर्षभर त्यानंही बसची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती हे त्याच्या गावीही नव्हतं. वर्ष वाया घालवलंस, असं काहीतरी तो म्हणाला. तेव्हा आर्गिरोआत्यानं काठी फरशीवर आपटली. सकाळपासून भावजयीच्या बटाट्यांना नावं ठेवणारी आत्या आता तिच्या बाजूनं उभी राहिली.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "तिनं सावरलं. मी काय केलं होतं ठाऊक आहे ना?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं, पण त्या घरात ते बोललं जात नसे. मिरोनास आणि आर्गिरोची आई कालिओपी, शेवटची तीन वर्षं घरातून उठून दरीकडे चालत सुटायची. तेव्हा त्या आजाराला आमच्याकडे नाव नव्हतं, म्हातारपण म्हणायचे. आर्गिरो तिला उन्हाळ्यात मागच्या तुतीला बांधून शेतावर जायची. एरोफिली तेव्हा नऊ वर्षांची होती. आजी दोरीच्या टोकाला उभी राहून तिला अगदी शांतपणे विचारायची, पोरी, तू कुणाची गं?

"मऊ दोरी घेतली होती," आत्या म्हणाली. "मनगटाला फडकं गुंडाळायची आधी. पाद्र्यानं मला माफ केलं. मी त्याला माफी मागितलीच नव्हती, मला विचारायचं होतं की दुसरं काय करायचं. ते कुणी सांगितलं नाही." तिनं एरोफिलीकडे काठी केली. "आता तू शिकलीस एवढी. तू सांग."

आणि उत्तर दिलं ते मिरोनासनं.

"मी सांगतो," तो म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. तो सावरून बसला, कॉफीच्या दुकानात बसतो तसा. "डोक्यात घरं आहेत, लहान लहान. रोज सकाळी एक जाडा माणूस दारोदार जाऊन कडी वाजवतो. उठा म्हणतो, जगा. कडी वाजली की घर उठतं, चूल पेटवतं. पुढे जाडा म्हातारा होतो, यायचा बंद होतो. घरं वाट बघून बघून दारं लावून घेतात. बाहेरून दुसरा जाडा पाठवावा, तर तो वेशीतून आत मावत नाही. माझ्या पोरीनं एक किडकिडीत माणूस तयार केलाय. तो फटीतून आत शिरतो आणि तीच कडी वाजवतो."

पाच वर्षांपूर्वी एरोफिलीनंच त्याला हे असं समजावलं होतं, तेव्हापासून तो ते साऱ्या गावाला सांगत आला होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"आणि घरातलं माणूस आधीच गेलेलं असलं तर?" आर्गिरोनं विचारलं.

"मग कडी वाजवून काय होणार," मिरोनास म्हणाला. "म्हणून लवकर जायला हवं." बोलता बोलता तो थांबला. त्याचं वाक्य त्यालाच ऐकू आलं होतं. त्यानं राकीचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला आणि मुलीला विचारलं, "किती लवकर?"

एरोफिलीनं खरं ते सांगितलं. चाचणीत वीस ते सव्वीस गुणांची माणसं घेणार होते. त्याखालच्यांना उशीर झालेला असतो. घेतलेल्यांपैकी अर्ध्यांना खरं औषध मिळणार, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. कुणाला काय, हे दीड वर्ष ना डॉक्टरांना कळणार ना घरच्यांना. आणि नियम असा की संशोधन करणाऱ्यांच्या जवळच्या नात्यातलं कुणी त्यात चालणार नाही. तिच्या हातून औषधाचा प्रत्येक घाणा तपासून जायचा, कुठल्या बाटलीत काय आहे ते तिला कळू शकत होतं.

"म्हणजे तूच ते बनवलंस, म्हणून बाबाला मिळणार नाही," तितोस म्हणाला.

"मी तिथे असेपर्यंत नाही."

हे म्हणून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. गलातियाच्याही लक्षात आलं. तिनं हात लांब करून मुलीच्या मनगटावर ठेवला, राख अजून नखांत होती. बावीस वर्षांत या पोरीचं लग्न मोडलं होतं, केस पांढरे झाले होते, दोनदा प्रयोगशाळा बंद पडता पडता राहिली होती. आता कुठे माणसांवर चाचणी होणार होती. आईच्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं, आणि तिला वाटलं, नको. मग नवऱ्याकडे बघून वाटलं, हो. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

मिरोनासनं मात्र चटकन नाही म्हटलं. लेकीच्या तोंडचा घास मी घेणार नाही, त्यानं स्पष्ट सांगितलं. रिकामी असेल नाहीतर भरलेली असेल, त्यासाठी तिनं बावीस वर्षं टाकून द्यायची, हे त्याला चालणार नव्हतं. तितोस समजावू लागला तसा तो आणखी हट्टाला पेटला.

"बाबा," एरोफिली म्हणाली, "माझं तिथलं काम संपलंय. बनवायचं ते बनवून झालं. आता दीड वर्ष नुसती वाट बघायची. ती कुणीही बघेल."

मिरोनासनं तिला निरखलं. कितीतरी दिवसांनी त्याचे डोळे असे एका जागी ठरले होते.

"पोरी, मी बारा वर्षांचा असल्यापासून भट्टीवर आहे. चोथा कुणीही भरेल, जाळ कुणीही घालेल. धार लागते तेव्हा ती चाखायला तिथे असायचं असतं. त्याच्यासाठीच तर करतो आपण. तू खोटं बोलतेस."

"हो," एरोफिली म्हणाली.

"आईवर गेलीस."

गलातियाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. एरोफिली उठून टेबलाला वळसा घालून बाबाजवळ गेली. त्याच्या खांद्यावर तिनं हनुवटी टेकली, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागणार नाही. तशीच राहून ती हळूच म्हणाली की मला तू हवा आहेस, बाबा, आणि बाकीचं मला नंतरही मिळेल. हे खोटं नव्हतं. निदान बोलताना तरी नव्हतं.

मिरोनासनं तिचं डोकं थोपटलं. मग तो म्हणाला, "येतो. पण गलातिया, तू मला काही शिकवायचं नाहीस."

"मग सकाळी बटणं कोण सांगणार?"

"बटणं सांग," तो म्हणाला. "वार सांगू नकोस."

सोमवारी एरोफिलीनं राजीनाम्याचं पत्र दिलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख स्तामातियाबाई तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तिच्या पहिल्या रेणूपासून तिच्याबरोबर. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. घाई करू नका, विचार करा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा आपण सतराव्यावर होतो." मग त्यांनी सही केली. एरोफिलीला खालच्या मजल्यावर शिकवण्याचं काम मिळालं. तिच्या वह्या दुसऱ्यांकडे गेल्या. आठवड्याभरानं सवयीनं ती वर गेली आणि शीतगृहाच्या दाराला कार्ड लावलं. दार उघडलं नाही. ती तिथे थोडी उभी राहिली आणि जिन्यानं खाली आली. चाचणीची पहिली बातमी आता तिला वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणाहीइतकीच उशिरा कळणार होती. तिला वाटलं होतं त्याहून हे जास्त लागलं, आणि ते तिनं घरी कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात तपासणी झाली. तितोसनं रजा घेतली, आपलीच बस बाहेरून बघत तो आईवडिलांना गाडीनं घेऊन गेला. एरोफिलीला आत जायची परवानगी नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर दोघी मायलेकी बसल्या. दार लागलं आणि गलातियानं हात मांडीत घट्ट धरले. तिचे ओठ मात्र हलत होते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. एरोफिलीनं ऐकलं आणि आईला थांबवलं नाही.

आत मिरोनास एका तरुण डॉक्टरणीसमोर बसला होता. वार त्याला आला नाही. साल आलं नाही. ऋतू आला, कारण खिडकीतून इदा पर्वतावरचं बर्फ दिसत होतं. या वेळी तीन शब्द वेगळे होते, त्यातला एकच राहिला. सातानं तो दोनदा उतरला आणि मग पायरी चुकली. मदतीला शेजारी कुणी नव्हतं, आणि त्याला भीती वाटली, पण थोडं हलकंही वाटलं. दोन वर्षं तो कुणाच्या तरी ओठांकडे बघत जगत आला होता. आता जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगायची मोकळीक होती. शेवटी डॉक्टरणीनं त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "काका, मनात येईल ते एक पूर्ण वाक्य लिहा," ती म्हणाली.

मिरोनासनं बराच विचार करून लिहिलं. अक्षर अजून सुरेख होतं.

बावीस गुण आले. डॉक्टरणीनं बाहेर येऊन तसं सांगितलं, म्हणजे ते बसतात यात, ती म्हणाली. तितोस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बावीस म्हणजे काय झालं हे गलातियाला कळत होतं आणि त्यात आनंद कुठला नि दुःख कुठलं हे वेगळं करता येत नव्हतं. मग डॉक्टरणीनं तिला तो कागद दाखवला. खरं म्हणजे दाखवायचा नसतो, पण मला वाटलं तुम्ही बघावा, असं ती म्हणाली. कागदावर लिहिलं होतं: गलातिया बाहेर बसली आहे आणि तिला थंडी वाजत असेल.

गलातियानं ते वाचलं. मग काढून हातावर घेतलेला कोट तिनं परत अंगात घातला, आणि सगळी बटणं लावली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी एरोफिली सकाळीच स्किनावलीला आली. आता ती दर रविवारी यायची. स्वयंपाकघरात चुलीवर कॉफी होती, टेबलावर पांढरी बाटली, तिच्यावर नाव नाही, नुसता आकडा. मिरोनासनं पहिली कॅप्सूल तळहातावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

एरोफिलीनंही पाहिली. भरलेली आणि रिकामी यांत फरक कळू नये म्हणून कवच कसं असावं, हे तीन वर्षांपूर्वी तिनंच ठरवलं होतं. तिनं काम चोख केलं होतं. तिला काहीही कळत नव्हतं.

"यात किडकिडीत माणूस आहे?" मिरोनासनं विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

त्याला ते खरं वाटेना. लहानपणापासून या पोरीला सगळं माहीत असायचं. दगडाचं नाव, ताऱ्याचं नाव, राकी का पेटते ते. "तुला पण नाही?"

"मला पण नाही."

मिरोनासनं कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि थोडा वेळ आत काही वाजतंय का ते ऐकत असल्यासारखा बसून राहिला. मग त्यानं शेजारची खुर्ची पायानं बाहेर ढकलली.

"मग बस इथे," तो म्हणाला. "दोघं मिळून बघू."

एरोफिली बसली. गलातियानं तिच्यापुढेही कॉफी ठेवली, आणि तिघंही ती पीत राहिली.